होडीत न काढायचा शब्द

मुलांनो, डोळे मिटू नका. उघडेच ठेवा, कारण या गोष्टीत पुढचं बघायचं काम तुमचं आहे.

समजा, तुम्ही एका लांब लाकडी होडीच्या मागच्या टोकाला बसला आहात. सुकाणूची दांडी तुमच्या हातात आहे. समोर एकीमागे एक अशा चार बायका बसल्या आहेत आणि प्रत्येकीच्या हातात एक वल्हं आहे. त्यांची तोंडं तुमच्याकडे आहेत आणि होडी जाते तिकडे त्यांची पाठ आहे. वल्हवायचं म्हटलं की असंच बसावं लागतं. जोर लावतात त्या चौघी, पण समोर खडक आहे की दुसरी होडी, हे दिसतं फक्त तुम्हाला.

अजून एक गंमत बघा. तुमच्या सगळ्यात जवळ बसलेल्या बाईचं तोंड तुम्हाला दिसतं. तिच्या मागच्या फळीवरचीला मात्र तिची पाठच दिसते. वर्षानुवर्षं एकत्र वल्हवलं तरी पाठच. हे लक्षात ठेवा.

तुमच्या जागी खरं तर मिरन बसायची. वय दहा, उन्हावाऱ्यानं नाकाची सालं निघालेली, आवाज मात्र धक्क्यावरच्या लिलाववाल्यासारखा. आणि गाव आमचं, पोर्ट एलर. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, जिथे उन्हाळ्यातही लोकरी टोपी खिशात ठेवूनच बाहेर पडतात.

होडीचं नाव किटीवेक, आमच्या कड्यांवरच्या एका समुद्रपक्ष्याचं. गावकऱ्यांनी ती स्वतः बांधली होती. तिच्या चारही वल्ह्यांना रंधा मारला होता आयलीननं. आयलीन सुतार. साठीची, उंच, सावकाश बोलणारी. तिचा जन्म झाला तेव्हा सुईणीनं मुलगा झाला म्हणून सांगितलं होतं. मोठेपणी कधीतरी तिनं ठरवलं, की आता आपण बाई म्हणूनच जगायचं. आमच्या गावात ती आली ती आयलीन म्हणूनच आली, आणि तशीच राहिली. कुणाचं दार अडलं, खिडकी फुगली, की आयलीनला बोलवायचं. पाच उन्हाळे ती किटीवेकच्या दुसऱ्या फळीवर वल्हवत होती. पहिल्या फळीवर, तिच्या पुढ्यात, नेटा. नेटा बुकन म्हणजे मिरनची आजी आणि होडीची कप्तान. नेटा आणि आयलीन इतक्या मैत्रिणी, की एकीच्या घरचं सूप दुसरीच्या घरी गेल्याशिवाय संपायचं नाही. त्यांच्या मागे डोलिना आणि अगदी टोकाला इसा, नांगराजवळ.

आता आमच्या किनाऱ्याची एक जुनी रीत सांगतो. होडीत काही शब्द काढायचे नाहीत. सगळ्यात वाईट शब्द म्हणजे डुक्कर. इथे कागदावर चालतो, पण होडीत चुकून तोंडातून गेला तर लगेच थंड लोखंडाला हात लावायचा. नाहीतर वारा फिरतो, जाळी फाटतात, माणसं बुडतात, असं आमचे बापजादे मानायचे. अगदीच नाव घ्यायची वेळ आली तर 'तो घुरघुऱ्या' म्हणायचं. आज आमच्यापैकी कुणी हे मानत नाही. पण हात लावतात सगळेच. किटीवेक सगळी लाकडाची, म्हणून इसा नांगराला पाय लावायची, डोलिनानं खिशात एक जुना खिळा ठेवला होता, आणि नेटाच्या गळ्यात दोरीला होडीघराची मोठी लोखंडी किल्ली असायची. मागच्या वर्षी लंडनचा एक पाहुणा होडीत बसला आणि सकाळी काय खाल्लं ते सविस्तर सांगू लागला. पावात काय घातलं होतं ते त्याच्या तोंडून निघताच चौघींनी वल्ही टाकली आणि लोखंडाकडे धावल्या. बिचारा घाबरून पाण्यात पडायचाच बाकी होता.

तर, एप्रिल महिन्यात लंडनच्या सर्वोच्च न्यायालयानं एक निकाल दिला. समानतेच्या कायद्यात 'स्त्री' हा शब्द येतो, त्याचा अर्थ जन्मानं स्त्री असलेली व्यक्ती असाच घ्यायचा, असा तो निकाल. न्यायाधीशांनी हेही सांगितलं, की हा एका बाजूचा विजय आणि दुसरीचा पराभव समजू नका, आणि आयलीनसारख्या माणसांना छळायला कायद्याची आजही मनाई आहे. पण निकाल लागला की लोक पहिलं अर्धं ऐकतात आणि भांडायला बसतात. आमच्या गावात बेकरीसमोर भांडले, चर्चच्या पायरीवर भांडले. आयलीन समोरून आली की गप्प व्हायचे आणि हवापाण्याचं बोलायचे.

आमच्या आखातात ऑगस्टमध्ये एका शनिवारी होड्यांच्या शर्यती होतात. शर्यतीच्या सेक्रेटरींनी नेटाला फोन केला. यंदापासून बायकांच्या शर्यतीत वल्ही मारणाऱ्या चौघी जन्मानं बायकाच हव्यात. खुल्या शर्यतीत कुणीही चालेल. सुकाणूवरही नेहमीसारखं कुणीही. "आयलीनला तुम्हीच सांगा, नेटा," ते म्हणाले. "तुमची मैत्रीण आहे. तुमच्या तोंडून बरं वाटेल."

आणि नेटानं सांगितलं नाही.

होडीत बोलणं शनिवारच्या शर्यतीकडे वळलं, की इसाचा पाय नांगराकडे जायचा. डोलिना खिशात हात घालायची. नेटाची किल्ली तर सारखी मुठीत. म्हणजे बघा, त्या तिघींनी न ठरवता त्या गोष्टीचाही घुरघुऱ्या करून टाकला होता. मिरनला हे सगळं सुकाणूवरून समोर दिसत होतं. आयलीनला दिसत होती नेटाची पाठ.

एक दिवस नेटा स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. मिरन टेबलावर चढून बसली.

"आजी, बाई म्हणजे कोण, हे कायद्यात लिहावं लागतं?"

"लागतं."

"का? सगळ्यांना माहीतच असतं ना?"

"सगळ्यांना माहीत असतं त्यावरच जास्त भांडणं होतात, चिमणे. टेबलावरून उतर."

मिरन उतरली नाही. "मग तुला काय वाटतं? बरोबर लिहिलंय?"

नेटानं सुरी खाली ठेवली. "मला बरोबर वाटतं. ऐक. तुझ्याएवढी होते तेव्हा माझ्या बाबांच्या बोटीवर पाय ठेवायची मला बंदी होती. बाई चढली की मासळी पळते म्हणे. तुझा सँडी आजोबा, माझा भाऊ, धक्का सोडला की ओकायला लागायचा. तरी त्याला न्यायचे. तेव्हा मला कुणी विचारलं का, की नेटा, तुला आतून काय वाटतं? शरीर बघितलं आणि बटाटे सोलायला बसवलं."

"तू अजूनही बटाटेच सोलतेयस."

"तोंड बघा पोरीचं! सांगायचं काय, की ज्या शरीरामुळे आम्हाला बाहेर ठेवलं, त्या शरीराच्या बायकांसाठी एक तरी शर्यत असावी. ती मिळवायला मी सभांमध्ये घसा फोडून घेतलाय. आणि शर्यत हाडांची, खांद्यांची असते. आयलीनचे खांदे वाढले ते मुलाचे म्हणून वाढले. त्यात तिचा दोष नाही."

"पण इसा तर आयलीनपेक्षा जोरात ओढते."

"इसा रेड्यापेक्षाही जोरात ओढेल. नियम एकट्या इसासाठी नसतो."

मिरननं विचार केला. "मग आयलीन बाई आहे की नाही?"

"मी तिला इतकी वर्षं बाईच म्हणत आलेय. तिला दुसरं काही म्हणायला माझी जीभ वळणार नाही," नेटा म्हणाली. "माझ्या डोक्यात दोन्ही गोष्टी आहेत आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत. झालं समाधान?"

"सेक्रेटरींचा फोन आला ते सांगितलंस तिला?"

नेटाचा हात किल्लीवर गेला.

"आजी," मिरन म्हणाली, "आपण घरात आहोत. इथे लोखंड लागत नाही."

नेटानं पुन्हा सुरी उचलली आणि एक बटाटा इतका सोलला, की गोटीएवढा उरला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मिरन होडीघरात गेली. आयलीन एक नवं वल्हं घासत होती. जुनं तिच्या हाताला आता जड वाटायचं, म्हणून हे तिनं मुठीशी बारीक केलं होतं. मुठीवर एक छोटा किटीवेक पक्षी कोरला होता.

"शनिवारसाठी," आयलीन म्हणाली. "तेलाचा एक हात दिला की झालं. ते फडकं दे."

मिरननं फडकं दिलं. "आयलीन, तो निकाल चुकीचा आहे का गं?"

आयलीन घासायची थांबली नाही. "न्यायाधीशांना शब्दाला कड पाडायची होती. मी सुतार आहे, मला कळतं. कड नसेल तर फळीला फळी बसत नाही. पण कडेवर कोण उभं आहे, तेही बघावं आणि मग करवत चालवावी. मला वाटतं, त्यांनी माझ्या बाजूला जरा जास्तच कापलं."

"आजीला वाटतं बरोबर कापलं."

"माहीत आहे मला. तुझी आजी काही लपवून ठेवणारी नाही." आयलीननं वल्हं उजेडात धरून बघितलं. "निदान आजवर नव्हती. मला सांग, सुकाणूवर बसणाऱ्याचं काम काय?"

"समोर काय आहे ते सांगायचं."

"कधी?"

"आदळायच्या आधी."

"शाबास," आयलीन म्हणाली आणि मुठीवरच्या पक्ष्याला तेल लावू लागली.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी शेवटचा सराव होता. समुद्र थाळीसारखा सपाट. खडकांवर सीलची पिलं लोळत होती. आयलीननं नवं वल्हं आणलं होतं. इसानं त्याच्याकडे पाहिलं, डोलिनाकडे पाहिलं, आणि दोघी आपापल्या पायांकडे पाहू लागल्या.

आखाताच्या मध्यावर आल्यावर डोलिनानं शांतता मोडायला तोंड उघडलं. डोलिना मनानं चांगली, पण बोलायची वेळ कायम चुकवणारी.

"उद्या नेटा, ते सँडविच कुणी करायचे? म्हणजे आपल्या चौघींचे, का... म्हणजे चार..."

ती थांबली. हात खिशातल्या खिळ्याकडे. इसाचा पाय नांगराला. आणि नेटानं चालत्या होडीत वल्हं सोडून किल्ली पकडली. सुटलेलं वल्हं पाण्यात रुतलं, उलटं आलं आणि नेटाच्या बरगडीत बसलं. होडी एका अंगावर कलली.

"थांबा!" मिरन ओरडली. "वल्ही वर!"

चारही वल्ही वर झाली. होडी आपल्याच वेगानं थोडी पुढे गेली आणि हळूहळू थांबली. वल्ह्यांवरून पाणी टपटपत होतं.

मिरननं आजीकडे बघितलं. आजी तिच्याकडे बघेना. मागे आयलीन, नेटाच्या पाठीकडे बघत शांत बसलेली.

"आयलीन," मिरन म्हणाली, "तू इथे ये. मी तुझ्या जागेवर बसते."

"मिरन, होडीत जागा बदलत नसतात," नेटा म्हणाली.

"सुकाणूवर मी आहे," मिरन म्हणाली. "आणि सुकाणूवरचा सांगेल ते ऐकायचं, हे तूच शिकवलंस. सगळ्यांनी खाली वाका. आयलीन, ये."

इसा हळूच म्हणाली, "नातवंड कुणाचं आहे ते कळतंय."

आयलीन वाकून, होडीच्या कडा धरत मागे आली. मिरन तिच्या काखेखालून पुढे सरकली आणि दुसऱ्या फळीवर बसली. आता आयलीन सुकाणूपाशी होती. तिच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, नेटा. पाच उन्हाळ्यांत पहिल्यांदाच होडीमध्ये त्या दोघींची तोंडं समोरासमोर आली होती.

नेटानं किल्ली अजून घट्ट धरली.

"सोड ती किल्ली, नेटा," आयलीन म्हणाली. "मी काही डुक्कर नाही."

अगं बाई! इसानं दोन्ही पाय नांगरावर आपटले. डोलिनाच्या हातून खिळा पडला आणि ती तो शोधायला फळीखाली शिरली. "काढला हिनं! शब्द काढला!" ती खालून ओरडत होती. "माझा खिळा! कुणीतरी माझ्यासाठी लोखंड धरा गं!" मिरननं हसून हसून वल्ह्यावर डोकं टेकलं. इसा हसली. शेवटी नेटाच्याही तोंडातून हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायला लागली.

"सेक्रेटरींचा फोन आला होता," ती म्हणाली. "उद्या तुला वल्हवता येणार नाही. मी केव्हाच सांगायला हवं होतं."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे? कुणी सांगितलं?"

"वर्तमानपत्र मीही वाचते, नेटा. शर्यतीचे नियम धक्क्यावर लावलेत, काचेत. येता-जाता बघते. मी वाट बघत होते, तू कधी सांगतेस."

"मग ते वल्हं कशाला केलंस?"

"तू सांगेपर्यंत मी वल्हेकरीच होते ना," आयलीन म्हणाली.

मग नेटानं डोळे पुसले. "खोटं बोलणार नाही तुझ्याशी. मला तो नियम बरोबर वाटतो."

"आणि मला वाटत नाही. हार्मोनच्या गोळ्या घेऊन घेऊन माझा जोर कधीच गेलाय. मागच्या वर्षी आपण शेवटून दुसऱ्या आलो. कुणाचं बक्षीस पळवलं मी?"

"प्रश्न बक्षिसाचा नाही."

"नाहीच आहे. माझा प्रश्न बसायच्या जागेचा आहे."

"मला विचाराल तर," इसा मागून म्हणाली, "आयलीन नसेल तर मीही नाही."

"गप्प बस, इसा," आयलीन आणि नेटा एकदमच म्हणाल्या.

"तू वल्हवायचंस," आयलीन पुढे म्हणाली. "डोलिनाच्या बहिणीला माझ्या जागी घ्या. ती तयार आहे, मला ठाऊक आहे. मी उद्या सकाळच्या गाडीनं इनव्हरनेसला माझ्या भावाकडे जाते. किनाऱ्यावर उभी राहून लोकांना माझ्याकडे बघायला देणार नाही. त्यांना माझी कीव आली तरी मला नकोय आणि बरं वाटलं तरी नकोय."

नेटानं मान वर केली. "सुकाणूवर कुणीही चालतं," ती म्हणाली. "नियमात तसं आहे. जन्माचं काही विचारत नाहीत."

"ती जागा मिरनची आहे. पोरीची जागा मी घेणार नाही. आणि सुकाणू म्हणजे वल्हं नव्हे, नेटा. तुलाही कळतंय ते."

"कळतंय," नेटा म्हणाली. "कळतंय गं. पण तू गाडीत आणि आम्ही पाण्यात, हे मला सोसणार नाही. खुल्या शर्यतीलाही नाव देऊ. संध्याकाळची असते. आपण चौघीच. त्या तरुण पोरांसमोर शेवटच्या येऊ."

"शेवटच्या तर येऊच," डोलिना फळीखालून म्हणाली. खिळा सापडला होता. "सगळ्यांची जेवणं झाल्यावर येऊ."

आयलीन हसली, पण हो म्हणाली नाही. ती किनाऱ्याकडे बघत होती. गावातले दिवे लागत होते, आणि ते तिला समोर दिसत होते. बाकीच्यांच्या ते पाठीमागे होते.

"सकाळच्या शर्यतीत माझ्या जागेवर कुणीच बसलं नाही तरी चालेल," ती म्हणाली. "पण या पोरीला सुकाणूवरून उठवायचं नाही."

सगळ्यांनी मिरनकडे पाहिलं. नेटानंसुद्धा, मान मागे वळवून.

मिरनचे पाय, पाय रोवायच्या खालच्या आडव्या लाकडाला पोचत नव्हते. तिच्या हातात आयलीनचं नवं वल्हं होतं, तिच्या दुप्पट लांब, आणि कोरलेला पक्षी तिच्या मुठीत लपला होता. सुकाणूवर बसणं तिला जगात सगळ्यात जास्त आवडायचं. उद्या धक्क्यावर तिच्या वर्गातली सगळी मुलं येणार होती. तिनं एकदा त्या जागेकडे बघून घेतलं. मग ती फळीच्या अगदी कडेला सरकली, म्हणजे पाय टेकले. आजीची पाठ तिच्या नाकासमोर होती. होडी कुठे चालली आहे, ते आता तिला दिसत नव्हतं.

तिनं वल्हं पाण्यात घातलं.

"आयलीन," ती मोठ्यानं म्हणाली, "समोर काय आहे ते सांग." आणि दोन्ही हातांनी ओढायला लागली.